आठवड्याची चूक

तुम्ही टीव्ही बघून एका पंचाची शिट्टी काढून घेतलीत. मैदानावर काय झालं ते बघायची तसदी घेतली नाहीत. तुमच्या शिस्त समितीचं पत्र तीन ओळींचं, आणि त्यातली मधली ओळ अशी: 'अनुभवी व निःपक्ष समालोचकांनी जाहीरपणे मांडलेल्या मताची समितीने गंभीर दखल घेतली आहे.' ज्या मताची दखल घेतलीत ते मत कुठल्या खोलीत शिजलं, कुणी ढवळलं, हे तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं असं धरून चालू. आता ठाऊक आहे. तरी पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगणं भाग आहे, कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुमच्यातले दोघे घड्याळाकडे बघत होते.

चॅनेलच्या दुसऱ्या मजल्यावर एक बिनखिडकीची खोली आहे. तीन स्क्रीन, एक डगमगती खुर्ची, आणि भिंतीला टेकवलेले चौकटीच्या कागदांचे गठ्ठे. तिथे ती बसायची. फुटबॉलच्या प्रत्येक मॅचमध्ये कोणी किती पास दिले, कोण कुठे घसरला, कितव्या मिनिटाला काय झालं, हे सगळं ती पेन्सिलीनं टिपायची. ऑफिसात तिला मोजणीबाई म्हणायचे. पहिली दोन वर्षं तिला ते झोंबायचं, मग अंगवळणी पडलं. कँटीनवालासुद्धा कपात साखर घालताना विचारायचा, "किती चमचे, मोजून सांगा."

बघायला तिला शिकवलं दादानं. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून तोच तिचं सगळं. आठवडाभर तो लिफ्ट दुरुस्त करायचा, सुट्टीच्या दिवशी काळे कपडे घालून मैदानावर शिट्टी वाजवायचा. ती नऊ-दहा वर्षांची असताना तो तिला गोलपोस्टच्या मागे उभी करायचा आणि सांगायचा, बॉलकडे सगळं गाव बघतं, तू अंगाकडे बघ. बॉल कुठे लागला ते अंग सांगतं. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा. वीस वर्षं खालच्या लीगमध्ये घासल्यावर यंदा पहिल्यांदा वरच्या लीगच्या पंचांच्या यादीसाठी त्याचं नाव पुढे गेलं होतं. पंचेचाळीस पूर्ण झाली की यादीत नवं नाव घेत नाहीत, हा तुमचाच नियम. म्हणजे हे एकच वर्ष होतं, आणि हे साऱ्या घराला माहीत होतं. वहिनीनं त्याचे काळे कपडे नव्यानं शिवून घेतले होते.

आता कप्तान. सोमवारी संध्याकाळी सातला फुटबॉलच्या चर्चेचा जो कार्यक्रम लागतो त्यातला तो मोठा माणूस. चौदा वर्षं बचावफळीत खेळला. देशाचं कप्तानपद त्याच्याकडे दोनच मॅच होतं, तेही खरा कप्तान जायबंदी होता म्हणून. पण शिक्का बसला तो बसला. त्याच्यासमोर बसतो तो एक निवृत्त प्रशिक्षक. ऑफिसात त्याला भोंगा म्हणतात, का ते त्यानं तोंड उघडलं की कळतं.

लोकांना वाटतं, कप्तानचं ऐकतात कारण तो खेळलेला आहे. खेळलेले तर शंभर पडले आहेत. ऐकतात कारण त्याला विश्वासू दिसायला शिकवलेलं आहे, आणि शिकवणी त्या बिनखिडकीच्या खोलीत चालायची. भोंगा म्हणणार, साठ टक्के पास चुकले. कप्तान म्हणणार, अठ्ठावन्न. अठ्ठावन्न म्हणणारा माणूस मोजून आला आहे असं लोक समजतात; मोजलेलं असायचं मोजणीबाईनं. प्रश्न आला की उत्तराआधी मनात दोन आकडे मोजायचे. एकदा तरी भोंग्याला म्हणायचं की सर, तुमचा हा मुद्दा बरोबर आहे; मात्र तो मुद्दा फुटकळ असला पाहिजे. आवाज चढवायचा नाही, समोरचा चढवेल तेव्हा तर आणखी खाली आणायचा. आणि अडचणीच्या वेळी एकच वाक्य: मी त्या जागेवर उभा राहिलोय.

या सगळ्याच्या वरताण एक गोष्ट होती, आणि ती मोजणीबाईची स्वतःची. सहा वर्षांपूर्वी कप्ताननं एका बदली खेळाडूचं मिनिट चुकीचं सांगितलं. एका प्रेक्षकानं पत्र पाठवलं. कप्तान म्हणाला, जाऊ दे, कोण बघतंय. ती म्हणाली, सांगून टाका, चुकलो म्हणा, चूक ती चूक. त्यानं नाइलाजानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोनवर फोन. असा माणूस आजकाल बघायला मिळत नाही, म्हणे. पुढच्या सोमवारी त्यानं स्वतःच तिच्या दारात उभं राहून विचारलं, "या आठवड्याची चूक काय?"

तेव्हापासून प्रथाच पडली. दर सोमवारी कार्यक्रम सुरू होताना कप्तान मागच्या आठवड्याची एक चूक कबूल करायचा. खरी सापडली तर खरी. नाही सापडली तर पेरायची. म्हणजे या सोमवारी मुद्दाम एक बारीकसा आकडा चुकीचा सांगायचा आणि पुढच्या सोमवारी माफी मागायची. ती त्याच्यासाठी जो कागद तयार करायची त्याच्या तळाला लाल पेन्सिलीनं एक ओळ असायची: खरं अमुक, सांगायचं तमुक. तिला त्यात पाप वाटलं नाही. मिनिटाभराच्या फरकानं कुणाचं काय जातंय, असं ती म्हणायची. कप्तान तिला ताई म्हणायचा. दोनदा दादाच्या घरी जेवून गेला होता. दादाच्या शेजारी बसून हँडबॉलच्या नियमावर तासभर हुज्जत घालून, हरून, हसत गेला होता.

मग ती मॅच आली.

दुसऱ्या दर्जाच्या लीगचा शेवटचा शनिवार. जिंकणारा संघ वरच्या लीगमध्ये जाणार. पंच दादा. एक शून्य. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला हरणाऱ्या संघाच्या खेळाडूनं गोलच्या दिशेनं बॉल मारला, मध्ये बचावपटू आला, बॉल त्याच्या अंगावर आदळून बाहेर गेला. अर्धं मैदान हात हात म्हणून ओरडलं. दादानं मान हलवली आणि खेळ चालू ठेवला. त्या लीगमध्ये पंचाला व्हिडिओची मदत नसते. पेनल्टी नाही, बरोबरी नाही, संघ खालीच राहिला. आणि तो संघ मोठ्या शहराचा, त्याचे पाठीराखे टोळधाडीसारखे.

बाजूच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर बॉल हाताला लागल्यासारखा दिसतो. दिसणारच, कारण कॅमेरा आणि छाती यांच्या मध्ये तो हात येतो. गोलमागचा कॅमेरा बघा. बॉल छातीवर, हात अंगामागे, दोहोंमध्ये वीतभर मोकळी जागा. रविवारी दुपारी तिनं ते चित्र थांबवून कप्तानला दाखवलं. त्यानं चष्मा लावून तीनदा बघितलं. म्हणाला, छाती आहे, वादच नाही. दादांची नजर म्हणजे नजर. तिला बरं वाटलं. तिनं वहिनीला फोन करून सांगितलं, काळजी करू नका, सोमवारी कप्तान बोलतो आहे.

सोमवारी अकराला बैठक. प्रोड्युसर बाईंनी फळ्यावर एकीकडे हात लिहिलं, एकीकडे छाती. छातीखाली कप्तानचं नाव लिहिलं, मागे सरकून बघितलं, आणि पुसलं. म्हणाल्या, हा छाती म्हणाला तर चार मिनिटांत चर्चा आटोपली, उरलेली चाळीस मिनिटं काय माशा मारायच्या? छाती भोंग्याला द्या. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, सगळं शहर चवताळून फोन करेल. कप्तान हात म्हणेल.

मोजणीबाई उठून उभी राहिली. म्हणाली, चित्र आहे आपल्याकडे. बाई म्हणाल्या, ते दाखवायचं नाही, मग चर्चा कशाची. आणि हे कोर्ट नाही, मत आहे. पंच तिचा भाऊ आहे हे त्यांना माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, म्हणूनच तू यात बोलू नकोस. कप्तान पेन्सिलीनं टेबलावर ठक ठक करत राहिला. त्यानं मान वर केली नाही.

ती खोलीत परतली. अंगाची लाही होत होती. तरी हात कामाला लागला. सहा वर्षांची सवय. पास मोजले, फाउल मोजले, आणि तळाला लाल ओळ लिहिली: खरं अठ्ठ्याऐंशी, सांगायचं सत्त्याऐंशी. ही ओळ तिनं लिहिली. दुसऱ्या कुणी नाही. तिला वाटलं, कप्तान हात म्हणेल खरं, पण चाचरत म्हणेल, मागचा दरवाजा उघडा ठेवील.

तो चाचरला नाही. भोंगा छाती छाती म्हणून टेबल बडवत होता. कप्ताननं त्याला थकू दिलं. मग मनात दोन आकडे मोजले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सत्त्याऐंशीवं मिनिट. मी चौदा वर्षं त्या जागेवर उभा राहिलोय. तो हात कसा निघतो ते मला माहीत आहे. पंच चांगला माणूस आहे, मी त्याला ओळखतो. पण त्यानं हे बघितलं नसेल तर त्यानं वाजवू नये."

काचेमागे उभी राहून तिनं ते ऐकलं. पंच चांगला माणूस आहे, मी त्याला ओळखतो. हे वाक्य कागदावर नव्हतं. हे त्याचं स्वतःचं होतं.

गुरुवारी तुमचं पत्र आलं. शिट्टी निलंबित, यादीतलं नाव स्थगित, तीन आठवड्यांनी सुनावणी. दादानं पत्र वाचून त्याची घडी घातली आणि तो कामावर गेला. कुठल्याशा इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली होती.

तिनं कप्तानला जिन्यात गाठलं. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली की पुढच्या सोमवारी आठवड्याची चूक म्हणून हीच सांगा. गोलमागचं चित्र पुन्हा बघितलं, चुकलो, छाती होती. दोन वाक्यं. तुमचं काही जात नाही, उलट लोक डोक्यावर घेतील. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "ताई, सोमवारी बोलतो." तिनं स्वतःच्या हातानं कागद केला. लाल पेन्सिलीनं नाही, साध्या. पेरलेलं नव्हतं ना.

सोमवारी सातला दादा आणि वहिनी टीव्हीसमोर बसले होते. तिनंच बसायला सांगितलं होतं. ती काचेमागे. कप्ताननं कागद उचलला, बघितला, पालथा ठेवला. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "सुरुवातीला एक कबुली. मागच्या सोमवारी त्या हँडबॉलबद्दल बोलताना मी सत्त्याऐंशीवं मिनिट म्हणालो. ते अठ्ठ्याऐंशीवं होतं. चूक ती चूक. क्षमस्व."

संपलं. मिनिट सुधारलं, हात तसाच राहिला. तसाच नाही, पक्का झाला. ज्यानं एका मिनिटाची माफी मागितली त्यानं हाताची मागितली नाही, म्हणजे हात शंभर टक्के होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं. आणि ते मिनिट तिनं दिलं होतं.

मेकअपच्या खोलीत तो कापसानं तोंड पुसत होता. तिनं दार लावून घेतलं आणि विचारलं, का. तो आरशातूनच बोलला.

"ताई, मोठी चूक कबूल केली तर उद्यापासून माझं कोणी ऐकणार नाही. छोटी केली की सगळं ऐकतात. हे मला कोणी शिकवलं?"

"तो तुमच्यासोबत एका ताटात जेवलाय."

"म्हणून तर चांगला माणूस म्हणालो. दुसरा कोणी असता तर विकला गेला म्हणालो असतो."

हे तो उपकार केल्याच्या सुरात म्हणाला. ती तशीच निघाली, खोलीत गेली, गोलमागच्या कॅमेऱ्याचं चित्रण एका छोट्या डिस्कवर उतरवून घेतलं. नियमात बसत नाही. मॅचनंतर नऊ दिवसांनी ते पुसतात, शेवटचे दोन तास उरले होते.

दादाच्या घरी पोचली तेव्हा तो खिडकीशी बसला होता. तिला वाटलं, तो चिडलेला असेल. तो चिडलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. तो हळू आवाजात म्हणाला की हा माणूस स्वतःचं एक मिनिटसुद्धा लपवत नाही. तो हात म्हणत असेल तर हात असेल. मीच आंधळा झालो असेन. वहिनीनं फडताळातून एक चिठ्ठी काढून दिली. डोळ्यांच्या डॉक्टरची होती. तो शुक्रवारी कामावरून परस्पर जाऊन डोळे तपासून आला होता. दोन्ही डोळे ठणठणीत, असं लिहिलं होतं. वहिनी म्हणाली, त्यावरही विश्वास बसत नाही म्हणतात, दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणतात. वायरिंग करताना आता लाल तार आणि तपकिरी तार दोनदा बघतात.

वीस वर्षांत ज्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला नाही, त्याला आठ दिवसांत टीव्हीनं एवढं केलं.

तिनं लॅपटॉप उघडून चित्र लावलं. वीतभर मोकळी जागा. त्यानं बघितलं. परत बघितलं. खांदे खाली आले. वहिनीनं पदराला डोळे पुसले. इथे ती गप्प बसली असती तर गोष्ट इथवरच गोड झाली असती. पण तिनं सगळं सांगितलं. आठवड्याची चूक म्हणजे काय, पेरणं म्हणजे काय, लाल ओळ म्हणजे काय.

दादानं एकच विचारलं, "सत्त्याऐंशी तू लिहिलंस?"

"हो."

"छाती होती हे माहीत असताना?"

"हो."

तो उठला आणि आत गेला. वहिनी तिच्याकडे बघत राहिली. चहा विचारला नाही. या घरात तिला चहा विचारत नसतच, ती स्वतः करून घ्यायची. त्या दिवशी तिचीही उठायची हिंमत झाली नाही.

सुनावणीला दोघं आले ते वेगवेगळे. तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. ती भरून काढायला दोघांपैकी कोणी सरकलं नाही. आत तुम्ही तिघं. दादानं सांगितलं ते चार शब्दांत: बघितलं, छाती होती, वाजवली नाही. मग ती. तिनं टेबलावर गठ्ठा ठेवला. सहा वर्षांचे कागद, कबूल केलेल्या चुका दोनशे अकरा, त्यातल्या लाल ओळीनं पेरलेल्या एकशे चाळीस. वर डिस्क. एकशे चाळीस वेळा लोकांना फसवण्यात माझा हात आहे, हे तिनं तुमच्या तोंडावर सांगितलं. स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं मातीत घातलं, ते ऐकणाऱ्याला निदान खरं वाटेल म्हणून.

तुमच्यातले एक म्हणाले, तुम्ही सख्ख्या बहीण आहात, तुमचं कसं धरणार? दुसरे म्हणाले, नोकरी जाईल, कल्पना आहे का? ती म्हणाली, सकाळीच गेली. आणि अध्यक्ष महाराज, तुम्ही खुर्चीत मागे रेलून म्हणालात, "जो माणूस मिनिटाची चूक जाहीर कबूल करतो, तो एवढी मोठी चूक कशाला लपवेल?"

दादा तिच्याकडे वळून बघत होता. तिच्या सहा वर्षांच्या कामाची पावती तुम्ही दिली होती.

ती म्हणाली, डिस्क लावा, बारा सेकंदांचं काम आहे. तुम्ही म्हणालात, इथे तशी सोय नाही. तुमच्या मागच्या भिंतीवर टीव्ही होता. चालू होता, आवाज तेवढा बंद होता. तुम्ही डिस्क ठेवून घेतलीत, कागद ठेवून घेतलेत, पोच दिलीत, कळवू म्हणालात.

त्याला एक्केचाळीस दिवस झाले. कार्यक्रम चालू आहे; बिनखिडकीच्या खोलीत आता दुसरं कोणी बसतं. मोजणीबाई दर आठवड्याला तुमच्या दारात येऊन परत जाते, आणि तुमचा शिपाई तिला साहेब बैठकीत आहेत म्हणून सांगतो. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. तिच्याशी कामापुरतं बोलतो, म्हणजे बोलतच नाही, कारण त्यांच्यात काम काही उरलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला त्याला पंचेचाळीस पूर्ण होतात. तुम्ही काय करताय ते न कळण्याइतकं कोणी खुळं नाही. तुम्ही त्या तारखेची वाट बघताय. ती उलटली की प्रकरण आपोआप निकालात, कुणाला काही कबूल करायला नको.

तर आता साधं विचारणं आहे. ती डिस्क तुम्ही लावलीत का? लावली असेल तर बॉल कुठे लागला ते एका शब्दात लिहा. लावली नसेल तर ज्यानं लावली नाही त्याचं नाव लिहा. एकोणीस तारखेच्या आत, सहीनिशी. आणि उत्तर तिच्या पत्त्यावर नको. त्याच्या पत्त्यावर पाठवा, तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचेल. पाठवताय का?